हसत ओढलेली गुडगुडी : ‘रघू दीक्षित’ (२००८) या अल्बममधील शरीफांची पदे आणि लोकरॉकचा आनंदभाव

सारांश

बंगळूर येथील ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या लोकरॉक वाद्यवृंदाचा ‘रघू दीक्षित’ हा पहिला अल्बम २००८ मध्ये प्रकाशित झाला. कन्नड, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांतील गीते त्यात एकत्र आली असून त्यांपैकी दोन रचना एकोणिसाव्या शतकातील कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांच्या आहेत. या अल्बमची ओळख प्रामुख्याने त्याच्या आनंदी, उत्साही वृत्तीमुळे झाली. हा आनंदभाव शरीफांच्या तत्त्वपदांशी कितपत सुसंगत आहे, पदातील दुहेरी अर्थ रॉकच्या मांडणीत टिकतो की हरवतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शरीफांच्या पदांचे मराठी भारुडाशी असलेले नाते ध्यानात घेऊन हे विवेचन केलेले आहे.

बीजसंज्ञा : लोकरॉक, तत्त्वपद, भारूड, रूपक, ध्रुवपद, मुद्रिका, निरूपण.

१. प्रास्ताविक

लोकसंगीत आणि रॉक यांच्या मिश्रणातून निर्माण होणाऱ्या संगीताकडे अभ्यासक दोन टोकांच्या भूमिकांतून पाहतात. एका भूमिकेनुसार असे मिश्रण म्हणजे लोकपरंपरेचे बाजारीकरण होय. तर दुसऱ्या भूमिकेनुसार ते परंपरेचे पुनरुज्जीवन होय. दोन्ही भूमिकांमध्ये एक उणीव समान आहे. त्या प्रत्यक्ष रचनेपाशी फारशा थांबत नाहीत. कोणते पद घेतले, त्याचे मूळ रूपक कोणते, ते गाताना कोणत्या शब्दावर भार पडला आणि त्यामुळे अर्थात कोणता फरक झाला, हे पाहिल्याशिवाय बाजारीकरण आणि पुनरुज्जीवन हे दोन्ही शब्द केवळ शिक्क्यांसारखे वापरले जातात.

ज्या संगीताचा स्थायीभाव आनंद आहे त्याच्याबाबतीत ही अडचण अधिक वाढते. गंभीर सुरात गायलेले संतकाव्य खोल आणि नाचत गायलेले उथळ, असा एक अलिखित समज सुशिक्षित श्रोत्यांमध्ये आढळतो. वास्तविक ज्या समाजाने सोंगे घेऊन, विनोद करीत, डफ-तुणतुण्याच्या साथीने वेदान्त ऐकला त्या समाजाला हा समज परका वाटायला हवा. ‘रघू दीक्षित’ हा अल्बम या समजाची परीक्षा घेण्यासाठी उपयुक्त ठरतो. कारण त्यात आनंद आणि तत्त्वज्ञान एकाच आवाजात समोर येतात.

प्रस्तुत विवेचन अल्बममधील ध्वनिमुद्रित गीतांपुरते, त्यातही मुख्यतः शरीफांच्या दोन पदांपुरते मर्यादित आहे. या वाद्यवृंदाचे रंगमंचीय सादरीकरण, वेशभूषा व चित्रफिती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

२. अल्बमची पार्श्वभूमी

रघू दीक्षित यांचा जन्म १९७४ मध्ये नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शिक्षण म्हैसूर येथे झाले. सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण अशी दुहेरी पार्श्वभूमी त्यांना लाभली. ‘अंतराग्नी’ या आधीच्या वाद्यवृंदानंतर त्यांनी ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ची उभारणी केली. ‘प्रोजेक्ट’ या शब्दामागे निरनिराळ्या वादकांना येण्या-जाण्यासाठी खुले असलेले व्यासपीठ, अशी कल्पना होती. अल्बम २००८ मध्ये चित्रपटसंगीतकार विशाल-शेखर यांच्या काउंटर कल्चर रेकॉर्ड्स या संस्थेने प्रकाशित केला.

हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९९० च्या दशकात बहरलेले बिगरफिल्मी हिंदी पॉप संगीत २००० नंतर ओसरत गेले आणि चित्रपटसंगीताने जवळजवळ सर्व जागा व्यापली. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने १९९३ च्या पहिल्या अल्बमपासून आणि विशेषतः २००० मधील ‘कंदिसा’पासून भारतीय भाषांतील रॉकला एक गंभीर, ध्यानमग्न वळण दिले होते. बंगळूरमध्ये रॉकची परंपरा जुनी होती. परंतु ती बव्हंशी इंग्रजीच्या आश्रयाने वाढलेली होती. अशा वेळी कन्नड संतपद, हिंदी प्रेमगीत आणि इंग्रजी शीर्षकाचे गीत एकाच तबकडीवर आणणे आणि त्या सर्वांना उल्हासाचा एकच सूर देणे, हा निर्णय सोपा नव्हता. ‘इंडियन ओशन’च्या गांभीर्याचे अनुकरण करणे अधिक प्रतिष्ठेचे ठरले असते. दीक्षित यांनी मोकळ्या गळ्याने, वरच्या पट्टीत, श्रोत्याला सामील करून घेणारे गाणे निवडले. गिटार, बास व ड्रम यांच्या जोडीला व्हायोलिन ठेवून त्यांनी या गाण्याला दक्षिणेतील सुरावटीचा आधारही दिला.

३. शिशुनाळ शरीफ आणि तत्त्वपदाची परंपरा

शिशुनाळ शरीफ (१८१९-१८८९) हे उत्तर कर्नाटकातील शिशुनाळ या गावचे. हे गाव सध्याच्या हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यात येते. शरीफांच्या काळी हा प्रदेश मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात मोडत होता. मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या शरीफांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि पुढे गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंचे शिष्यत्व पत्करले. या गुरुशिष्यांविषयी अनेक आख्यायिका कर्नाटकात सांगितल्या जातात. शिशुनाळ येथील त्यांच्या समाधीस्थळी हिंदू व मुस्लिम असे दोन्ही समाज येतात.

शरीफांच्या रचनांना कन्नडमध्ये ‘तत्त्वपद’ ही संज्ञा आहे. रोजच्या व्यवहारातील एखादी वस्तू वा प्रसंग घ्यायचा, तो खेडवळ बोलीत, नाट्यमय रीतीने रंगवायचा आणि शेवटी त्यातून देह, मन व परमार्थ यांचा उलगडा करायचा, अशी या पदांची घडण असते. कोंबडीने माकड गिळल्याचे उलटे जग, सासरी निघालेल्या बहिणीचे सांत्वन, पाय पडलेला साप असे त्यांचे विषय आहेत. हुबळीची कापडगिरणी पाहून तिच्यावरही त्यांनी पद रचले. ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. वाफेवर चालणारे यंत्र शरीफांच्या काळात अगदी नवे होते आणि तरीही त्यांनी ते परमार्थाच्या रूपकात सहज ओढून घेतले. नव्याला सामावून घेणे हा या परंपरेचा मूळ स्वभाव असल्याने, केवळ गिटार वा ड्रम वापरल्यामुळे ती भ्रष्ट झाली असे म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला या सर्व वर्णनातून एकनाथांच्या (१५३३-१५९९) भारुडांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कामक्रोधाच्या विंचवाचे भारूड आणि पायाखाली आलेल्या सापाचे शरीफांचे पद एकाच कुळातील आहेत. दोन्हींत शारीरिक वेदना प्रथम येते, श्रोता तिच्यात सापडतो आणि मगच ती वेदना कशाची आहे हे त्याला कळते. शरीफांनी एकनाथांपासून काही घेतले, असे येथे सुचवायचे नाही. दख्खनच्या एकाच सांस्कृतिक पट्ट्यात, शेजारच्या दोन भाषांत, समान गरजेतून समान घाट कसा आकाराला येतो याचे हे उदाहरण आहे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

शरीफांची पदे आधुनिक श्रोत्यांपर्यंत प्रथम रॉकमुळे पोहोचली, हा समजही दुरुस्त करणे आवश्यक आहे. गायक-संगीतकार सी. अश्वथ (१९३९-२००९) यांनी कन्नड भावगीताच्या अंगाने ही पदे गाऊन घरोघरी नेली. टी. एस. नागाभरण यांच्या १९९० मधील ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच होते. त्यात श्रीधर यांनी शरीफांची, तर गिरीश कार्नाड यांनी गोविंद भट्टांची भूमिका केली होती. म्हणजेच २००८ मध्ये दीक्षित यांच्यासमोर खेड्यातील भजनी मंडळींचे पद होते आणि अश्वथ यांनी रुजवलेले भावगीतही होते. पदाचे कोणतेही एक ‘अस्सल’ रूप समोर नव्हते. परंपरा आधीच बदलत आलेली होती.

४. ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ : आनंद हीच पहिली पायरी

या पदाच्या शीर्षकाचा अर्थ मराठी श्रोत्याला अर्धाअधिक आपोआपच कळतो. गुडगुडी हा शब्द दोन्ही भाषांत आहे; ‘सेदि नोडो’ म्हणजे ओढून पाहा. हा केवळ शब्दांचा योगायोग नाही. पदात येणारी ‘संची’ म्हणजे मराठीतील चंची आणि ‘चिलुमे’ म्हणजे चिलीम. पारावर बसून धूर काढणाऱ्या दोन गावकऱ्यांचे जग सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच होते, हे या शब्दांवरून लक्षात येते.

पदाचे रूपक असे आहे. मन ही चंची आहे, ती उघडावयाची. मोह ही भांग आहे. ती रोज चिरावयाची. ती चिलमीत भरून त्यावर बुद्धीचा विस्तव ठेवावयाचा आणि झुरका घ्यावयाचा, म्हणजे देहाचे रोग दूर होतात. या रूपकाची गंमत त्याच्या उलटेपणात आहे. सामान्यतः नशा हेच मोहाचे रूप मानले जाते. शरीफ मात्र मोहालाच जाळावयाचा माल करतात आणि तो जळण्यातून चढणाऱ्या धुंदीला परमार्थ म्हणतात. व्यसनी माणसाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच सरंजामानिशी, हसत हसत बोलावले जाते. येथे उपदेशकाचा चढा सूर नाही; शेजारी बसलेल्या मित्राचे आमंत्रण आहे.

दीक्षित यांच्या गायनात हे आमंत्रण नेमके पकडले गेले आहे. गीताची चाल द्रुत आहे, ठेका श्रोत्याच्या पायाला हलवणारा आहे आणि आज्ञार्थी क्रियापद पुन्हा पुन्हा समोर येते. ‘ओढून पाहा’ या शब्दांतील खेळकर आव्हान रॉकच्या ध्रुवपदाला सर्वथा मानवते. रॉकच्या गीतात ध्रुवपद हे श्रोत्यांनी एकत्र म्हणावयाचे असते; तत्त्वपदातही टाळकऱ्यांनी ते उचलावयाचे असते. येथे दोन परंपरांच्या गरजा जुळतात. ‘गुडुगुडि’ या अनुकरणवाचक शब्दात पाण्यातून येणाऱ्या धुराचा नाद आहे आणि हा नाद ठेक्यात मिसळून जातो. शब्द नादात विरघळला तरी येथे अर्थाची हानी होत नाही, कारण मूळ शब्दच नादातून जन्मलेला आहे.

या गीतातील आनंदभाव वरून चढवलेला नाही, असा निष्कर्ष यातून निघतो. तो पदाच्या पोटातच होता. हेच पद संथ आणि करुण सुरात गायले तर आमंत्रण जाऊन प्रवचन उरेल. या बाबतीत वाद्यवृंदाचा उल्हास हा रचनेचे योग्य वाचन ठरतो.

५. ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’ : गळक्या घराची तक्रार

दुसऱ्या पदाची कसोटी वेगळी आहे. ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’ म्हणजे घराचे माळवद गळते आहे. प्रथम भाषेकडे लक्ष द्यावे लागते. प्रमाण कन्नडमधील ‘मनेय माळिगे’ऐवजी येथे उत्तर कर्नाटकी उच्चार आहे. म्हैसुरात वाढलेल्या गायकाने अल्बमच्या शीर्षकयादीतही हा धारवाडी उच्चार जपला, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. पद शहरात आले. परंतु त्याची बोली पुसली गेली नाही.

माळवद म्हणजे काय, हे सोलापूर-मराठवाड्याकडील वाचकाला सांगावे लागत नाही. तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर, असे हे सपाट छत. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकून ते नीट चोपले नाही तर पहिल्याच झडीत घरात धार लागते. तेव्हा माळवद गळणे हे नशिबाचे लक्षण नसून निष्काळजीपणाचे लक्षण आहे. शरीफांच्या रूपकाचा कणा हाच आहे. छत गळते ते अज्ञानामुळे. लाकडे किडली आहेत, दुरुस्ती करणारा कोणी नाही, बाहेर काळोख आहे आणि बोलणाऱ्याला वर चढणे शक्य नाही. देह हे घर. त्याची निगा वेळेवर राखली नाही आणि आता रात्र झाली, असा त्याचा आशय आहे.

एकनाथांच्या, दादला नको म्हणणाऱ्या स्त्रीच्या भारुडातही असेच पडके, धड छप्पर नसलेले घर आहे. परंतु दोन्हींतील वृत्ती भिन्न आहे. भारुडातील स्त्री घराच्या दैन्याची एकेक गोष्ट सांगत नवऱ्यालाच नाकारते. तिच्या फणकाऱ्यात हास्य आहे आणि त्या हास्यातूनच वैराग्याकडे जाणारी वाट आहे. शरीफांचा बोलणारा मात्र घरातच अडकलेला आहे. त्याला घर नाकारता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. या पदाचा भाव असहाय पश्चात्तापाचा आहे. त्यामुळे उल्हासाच्या अल्बममध्ये ते कसे बसावे, हा प्रश्न खरा आहे.

दीक्षित यांनी हे पद पूर्ण गळ्याने, मोकळ्या आवाजात गायले आहे. ‘अंधारात मला वर चढवत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाचा खचलेला स्वर येथे नाही. याबाबत दोन प्रकारे विचार करता येतो. आक्षेपाची बाजू अशी की, पदातील असहायता या आवाजात पुरेशी उतरत नाही. वर चढू न शकणारा माणूस इतक्या उंच स्वरात कसा गाईल? आवाजाचे सामर्थ्य आणि शब्दांतील दुर्बलता यांत विसंगती राहते आणि ती नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समर्थनाची बाजू अशी की, काळोखात एकट्याने केलेली तक्रार सर्वांनी मिळून म्हटली की तिचे स्वरूप बदलते. गळके घर एकाचे नसून सर्वांचे आहे, हे समूहाने गायल्यावरच जाणवते. आपल्या दैन्याचा मोठ्या आवाजात केलेला उच्चार ही दुरुस्तीची पहिली पायरी असू शकते. वारकरी भजनातही पश्चात्तापाचे अभंग टाळमृदंगाच्या गजरातच म्हटले जातात आणि तेथे कोणाला विसंगती जाणवत नाही.

दोन्ही बाजूंचा विचार करता असे दिसते की, येथे आनंदभाव पदाच्या पोटातून आलेला नाही. तो पदाला बाहेरून भेटलेला आहे. भेट फलदायी झाली आहे, परंतु तिची किंमतही मोजावी लागली आहे. पदातील रात्र काहीशी उजळली गेली आहे.

६. ध्रुवपद, मुद्रिका आणि निरूपणाचा प्रश्न

तत्त्वपद आणि भारूड यांचा अर्थ एकदम हाती लागत नाही. तो चरणागणिक उलगडत जातो आणि अखेरच्या मुद्रिकेत पूर्ण होतो. ‘एका जनार्दनी’ वा ‘शिशुनाळधीश’ या नाममुद्रेपाशी ऐहिक चित्राचा पडदा दूर होतो. शिवाय भारुडाच्या सादरीकरणात सोंग घेणारा मध्येच थांबून निरूपण करतो. म्हणजे हसवलेल्या श्रोत्याला अर्थाच्या दाराशी आणून सोडतो. हसणे आणि समजणे यांत फार अंतर पडू नये याची काळजी परंपरेने घेतली होती.

रॉकच्या गीतात अशी सोय नाही. तेथे भार ध्रुवपदावर असतो. तेच श्रोत्याच्या ओठांवर राहते. भार मुद्रिकेकडून ध्रुवपदाकडे सरकला की अर्थ अपुरा राहण्याचा धोका निर्माण होतो. त्यातून अल्बमचा श्रोतृवर्ग केवळ कन्नड राहिला नाही. २०१० मध्ये हा वाद्यवृंद ब्रिटनमधील बीबीसीच्या ‘लेटर विथ जूल्स हॉलंड’ या कार्यक्रमात दिसला आणि २०११ मध्ये ‘साँगलाइन्स’ या नियतकालिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. ज्यांना कन्नडचा एकही शब्द येत नाही असे श्रोते या पदांवर ताल धरू लागले. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले? केवळ ठेका पोहोचला असेल तर शरीफांचे पद हे निमित्तमात्र उरले, असे म्हणावे लागेल.

या प्रश्नाचे उत्तर निदान भारतीय श्रोत्यापुरते पदांच्या शब्दकळेतच सापडते. ‘सोरुतिहुदु’च्या ध्रुवपदातच ‘अज्ञान’ हा शब्द आहे. रूपकाची किल्ली शेवटच्या चरणासाठी राखून न ठेवता शरीफांनी ती पहिल्याच ओळीत, दारावरच टांगली आहे. संस्कृतातून आलेला हा शब्द मराठी, हिंदी, बंगाली श्रोत्याच्या कानाला थेट कळतो. ‘गुडुगुडिया’तील मन, मोह व बुद्धी हे शब्दही असेच ओळखीचे आहेत. परकी भाषा ऐकणारा श्रोता नाचता नाचता या शब्दांना अडखळतो. आणि हे अडखळणे म्हणजेच निरूपणाची सुरुवात होय. खेडवळ शब्दांच्या गर्दीत मोक्याच्या जागी सर्वांना ठाऊक असलेला तत्त्वज्ञानाचा शब्द ठेवण्याची शरीफांची ही योजना शतकानंतर, त्यांना अपेक्षित नसलेल्या श्रोत्यांसाठी उपयोगी पडली. ब्रिटिश श्रोत्याला मात्र ही वाट उपलब्ध नाही. त्याच्यासाठी गायकाचे प्रास्ताविक वा छापील अनुवाद हेच निरूपण ठरते.

म्हणून अशा अल्बमच्या मूल्यमापनात गीतांचे शब्द व अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था हा दुय्यम मुद्दा मानता येत नाही. भारुडात जे काम सोंगाड्याच्या गद्याचे, तेच येथे अर्थपुस्तिकेचे. ते टाळले तर आनंद शिल्लक राहतो, परंतु तो एकमजली होतो.

७. हिंदी आणि इंग्रजी गीते

शरीफांच्या पदांच्या शेजारी ठेवल्यावर अल्बममधील इतर गीतांचे स्वरूप स्पष्ट होते. ‘हे भगवान’ हे त्यांतील सर्वांत लक्षणीय गीत आहे. स्वतःतच बुडालेला माणूस देवाकडे किनारा मागतो, जगण्याची आणखी एक संधी मागतो. आशय आर्त आहे आणि चाल मात्र उसळती. येथे गीतकाराला शरीफांसारखे रूपक सापडलेले नाही. बुडणे आणि किनारा ही प्रतिमा वापरून गुळगुळीत झालेली आहे. तरीही मागण्याचा आवेग आणि चालीचा आवेग यांत मेळ असल्याने गीत उभे राहते. याचक येथे गयावया करीत नाही. तो हक्काने मागतो. देवाशी भांडण्याची ही रीत संतकाव्याला अपरिचित नाही.

‘मैसूर से आयी’ आणि ‘हर साँस में’ यांसारख्या प्रेमगीतांत हे बळ कमी पडते. पहिल्या गीतात गावाचे नाव येते म्हणून प्रेयसीला एक ठिकाण मिळते; दुसऱ्याच्या शीर्षकातच हिंदी प्रेमगीताचा रुळलेला संकेत आहे. त्यांची गोडी चालीत व आवाजात आहे. शब्द बाजूला केले तरी ती फारशी कमी होत नाही आणि हीच त्यांची मर्यादा आहे. शरीफांच्या पदातून गुडगुडी काढली तर पदच उरत नाही. मुंबईत चमत्काराची वाट पाहणाऱ्या माणसाचे इंग्रजी शीर्षकाचे गीतही अल्बममध्ये आहे. संधीच्या शोधात महानगराच्या दाराशी उभ्या असलेल्या कलावंताची ही स्थिती त्या काळातील अनेक वाद्यवृंदांची होती; त्यामुळे त्या शीर्षकाला वैयक्तिक अनुभवापलीकडचे मूल्य प्राप्त होते.

तीन भाषांच्या या मांडणीत आणखी एक बाब दडलेली आहे. हिंदी ही अखिल भारतीय बाजारपेठेची भाषा आणि इंग्रजी ही शहरी रॉकची भाषा. कन्नड ही घरची भाषा. व्यावहारिक हिशेबाने कन्नड पदांना एखाददुसऱ्या गीताची औपचारिक जागा मिळाली असती. प्रत्यक्षात अल्बमचे वैचारिक वजन याच दोन पदांनी पेलले आहे. बाजाराच्या भाषेतील गीते हलकी आणि घरच्या भाषेतील गीते भारदस्त, हा क्रम प्रादेशिक भाषांत काम करणाऱ्या कलावंतांना बरेच काही सुचवणारा आहे. मराठीत भारूड, गवळण, वाघ्यामुरळीची गाणी यांचे एवढे मोठे भांडार असताना, ते केवळ ठेक्यासाठी वापरावे की त्यातील रूपकांसाठी, हा प्रश्न मराठी संगीतकारांसमोरही उभा राहतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) ‘रघू दीक्षित’ या अल्बमचा आनंदभाव सर्वत्र एकाच दर्जाचा नाही. ‘गुडुगुडिया’मध्ये तो पदाच्या रूपकातूनच उगवतो, ‘सोरुतिहुदु’मध्ये तो पदाला बाहेरून भेटतो, प्रेमगीतांत तो बव्हंशी चालीपुरता राहतो.

(२) लोकपदाचे रॉकमध्ये रूपांतर होताना वाद्यांच्या बदलापेक्षा अर्थभार मुद्रिकेकडून ध्रुवपदाकडे सरकणे हा अधिक महत्त्वाचा बदल होय. ज्या पदाच्या ध्रुवपदातच रूपकाची किल्ली आहे ते या बदलात टिकून राहते. पदांची निवड करताना हा निकष उपयुक्त ठरू शकेल.

(३) आनंद आणि तत्त्वज्ञान यांत विरोध मानण्याची सवय तत्त्वपद व भारूड या दोन्ही परंपरांशी विसंगत आहे. या परंपरांत हास्य हे अर्थाकडे जाण्याचे साधन होते. मात्र त्या साधनाला निरूपणाची जोड होती आणि ही जोड नव्या माध्यमात कोणत्या स्वरूपात द्यावयाची, हा प्रश्न या अल्बमने सोडवण्यापेक्षा अधिक ठळक केला आहे.

(४) बोलीचा उच्चार जपूनही संतपद भाषेच्या सीमा ओलांडू शकते, हे या अल्बमने दाखवून दिले. त्यामागे गायकाच्या आवाजाइतकेच शरीफांच्या शब्दयोजनेचेही श्रेय आहे.

२०१३ मध्ये ‘जग चंगा’ हा या वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम आला. परंतु शरीफांच्या पदांना कन्नड भाषकांच्या पलीकडील तरुण श्रोत्यांसमोर नेण्याचे काम पहिल्या अल्बमने आधीच केले होते. मनाची चंची उघडून मोहाची भांग चिरण्याचे आमंत्रण ज्यांनी प्रथम केवळ ठेका म्हणून स्वीकारले, त्यांच्यापैकी काहींनी तरी पुढे त्या शब्दांचा अर्थ शोधला असेल, तर शरीफांच्या पदाने आपले जुनेच काम नव्या वाद्यांवर पार पाडले, असे म्हणावे लागेल.